पाझर तलावात गोल पानं पसरलीत, जलपर्णी म्हणून उपटायला निघालेत. नेमकं काय आहे हे?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव सोलापूरपासून बार्शी रोडच्या अंगाला. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, पाट्या वाहून केलेला एक पाझर तलाव आहे. यंदा पाऊस बरा झाला, पार सांडव्याला पाणी लागलं, आणि आता काठापासून आत बऱ्यापैकी लांबपर्यंत गोल गोल पानं पाण्यावर पसरलीत. पान तळहाताएवढं, काही त्याहून बारकी, एका बाजूला खाच. सकाळी गेलं की पांढरी छोटी फुलं दिसतात, दुपारी चारला गेलं की एक पण नाही. परवा बैठकीत विषय निघाला की ही जलपर्णी आहे, आत्ताच काढली नाही तर तळं गेलं म्हणून समजा, वर्गणी काढू, पोकलेन आणू. मला काही ते पटंना. जलपर्णी मी कंबर तलावात लहानपणापासून बघतोय, तिला जांभळी फुलं असतात आणि देठ फुगलेलं असतं. हे तसलं नाय. पण मी काही त्यातला जाणकार नाय, मग बैठकीत आपलं कोण ऐकणार. चार फोटो टाकलेत. रविवारी परत बसणार आहेत, त्याच्या आत कायतरी ठोस सांगा.

शेंगाचटणी:
पहिला फोटो बघून मला वाटलं गावजेवण झाल्यावर कुणीतरी पत्रावळी तळ्यात सोडून दिल्या की काय. बाकी आपल्याला काय कळत नाही बे यातलं, बसलोय वाचत.

विजापूरवेशीतला:
कमळ आहे. कमळाची पानं अशीच असतात. विषय संपला.

पानफूल:
विषय संपला नाही हो, आत्ता कुठे सुरू झाला. कमळ नक्कीच नाही. खऱ्या कमळाचं पान अख्खं गोल असतं, खाच नसते, देठ बरोबर मध्यावर खालून जोडलेला असतो, आणि मोठी झालेली पानं पाण्याच्या वर उभी राहतात. फोटोत एकही पान उभं नाही. राहिली दोन नावं. एक म्हणजे आपण बाजारात वॉटर लिली म्हणतो ती, आणि दुसरी कुमुदिनी. पानावरून दोघींत गल्लत होते, कारण खाच दोघींनाही असते. तिसऱ्या फोटोत फूल आहे पण हललंय. माळावरचा, तुम्ही एक काम करा. सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान जा, एक पान हळूच देठासकट वर ओढा आणि बघा की फूल नेमकं कुठून निघालंय. लिलीचं फूल तळातल्या गड्ड्यातून स्वतंत्र दांड्यावर येतं. कुमुदिनीचं फूल पानाच्याच खालून, जणू देठातूनच फुटल्यासारखं येतं. फुलाच्या पाकळ्यांवर केस आहेत का तेही बघा. फोटो जवळून काढा, मोबाईल पाण्यात पाडू नका म्हणजे झालं.

टिबुकली:
पक्षी काय काय दिसतात तिथे? पानांवर चालणारे लांब बोटांचे पक्षी असतील तर प्लीज लिहा.

आबा_पेन्शनर:
आमच्या लहानपणी विहिरीत, डबक्यात असलं असायचं. कुणी काढायच्या भानगडीत पडत नव्हतं. उन्हाळा आला की तळं आटायचं, पानं वाळून जायची, पाऊस पडला की परत हजर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं बघा, त्या उन्हाळ्यात आमच्याकडचं गावतळं पार भेगाळलं होतं, पोरं आत क्रिकेट खेळायची. पुढच्या पावसाळ्यात पाणी भरलं आणि दोन महिन्यांत पानं वर. कुठून आली विचारू नका, खालच्या गाळातनंच आली असणार.

माळावरचा:
मॅडम, सांगितल्यासारखं केलं. गुडघाभर पाण्यात उतरलो, पँट गेली कामातून. एक पान धरून ओढलं तर त्याच्याखाली दोरीसारखं लांबच लांब खोड निघत गेलं, माझ्या खांद्यापर्यंत भरलं असेल, तळाला चिखलात अडकलं होतं म्हणून तुटलं. आता मजा ऐका. पान आणि ते खोड यांच्या मध्ये एक गाठ आहे, पानापासून बोटभर खाली. त्या गाठीतून फुलांचा झुपका निघालाय. एक फूल उमललेलं, बाकी कळ्या, काही अगदी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि एक-दोन कालची सुकलेली, ती दांडीसकट वाकून पाण्यात खाली गेलेली. त्याच गाठीतून पांढरी मुळं पण फुटायला लागलीत. फूल नखाएवढंच, पाच पाकळ्या, मध्ये घशाला पिवळं, आणि पाकळीवर बारीक पांढरे केसच केस, कापसाचं बोंड उसवल्यागत. पान खालून जांभळट आणि जरा खरबरीत लागतं. फोटो टाकलेत, या वेळी हललेले नाहीत.

पानफूल:
वा, एवढं वर्णन आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत पोरं लिहीत नव्हती. ही कुमुदिनी, निम्फॉइडिस इंडिका. पाकळीवर आतून सगळीकडे केस, घसा पिवळा, फुलांचा झुपका पानाच्या गाठीतून, हे सगळं जुळलं. लिली आणि कमळ यांच्याशी हिचं नातं लांबचंसुद्धा नाही, पान तेवढं सारखं. हिचं कूळ मेन्यान्थेसी, ते सूर्यफुलाच्या गणात जातं. गंमत म्हणजे लिली आणि कमळ यांचंही एकमेकांशी जवळचं काही नाही. कमळ हे तर प्लेन नावाच्या मोठ्या झाडाचं नातलग निघालंय. पाण्यावर राहायचं तर पान पसरट, गोल, वरून मेणकट आणि आतून हवेच्या पोकळ्यांचं लागतं, म्हणून वेगवेगळ्या कुळांनी आपापल्या वाटेने तोच आकार गाठलाय.

आणि ते दोरीसारखं लांब निघालं ते तुम्ही म्हणालात तसं खोडच आहे, देठ नाही. पानाचा खरा देठ म्हणजे तो वरचा बोटभर तुकडा. म्हणून फूल पानाला लागल्यासारखं दिसतं.

शेंगाचटणी:
म्हणजे कासला पाहिलेली ती हीच काय? आम्ही गेलतो तेव्हा गाईडनं कुमुदिनी तलाव म्हणून बरंच चालवत नेलं होतं, आणि पोचलो तवा दुपारचे तीन वाजलेले. फुलं मिटलेली. बायको अजून ऐकवते.

पानफूल:
हीच. कासच्या कुमुदिनी तळ्यात पांढरी रांगोळी दिसते ती हिचीच. एक फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मावळतं. दुसऱ्या दिवशी त्याच झुपक्यातली दुसरी कळी उमलते. म्हणून रोज फुलं दिसतात पण रोजची वेगळी. फूल गेलं की दांडी वाकते आणि फळ पाण्याखाली पिकतं, माळावरच्यांनी वाकलेली दांडी पाहिली ती त्याच कामाला निघालेली.

विजापूरवेशीतला:
ठीक आहे, कमळ नाही, मानलं. पण नाव गोड असलं म्हणून तळं व्यापणार नाही असं थोडीच आहे? आज अर्धं, उद्या पूर्ण. मग जनावरांनी पाणी कुठे प्यायचं? मासे धरणाऱ्यांची जाळी अडकतात. आमच्या शेजारच्या गावात जलपर्णीनं तळं असं भरलं होतं की बैल उतरायला बिचकत होते. बघता बघता होतं हे.

आबा_पेन्शनर:
वेशीवाले बरोबर बोलताय, भीती खरी हाय. पण साप साप म्हणून दोरी बडवण्यात काय अर्थ.

पानफूल:
भीती रास्त आहे, म्हणून फरक नीट सांगते. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिची मुळं पाण्यातच लोंबतात, तळाला धरत नाहीत, त्यामुळे पाणी दहा फूट असो की पन्नास, ती वर तरंगतच राहते आणि वारा नेईल तिकडे जाते. पोषण सरळ पाण्यातून ओढते. म्हणून जिथे सांडपाणी मिसळतं तिथे ती माजते, चांगलं खत मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. वरनं कितीही काढा, घाण यायची थांबत नाही तोवर ती परत येणार. मोकळ्या पाण्याच्या मानाने ती जास्त वाफ उडवते असंही बऱ्याच ठिकाणी मोजलंय, आणि आपल्याकडे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा ते परवडणारं नाही.

कुमुदिनी इथलीच, आणि तळाला रुजलेली. तिला चिखल लागतो. खोल पाण्यात तिला पोचता येत नाही, म्हणून तुमच्या तळ्यात बांधाच्या बाजूला जिथे खोली आहे तिथे पानं नसणार. बघून सांगा. तळं उथळ होत गेलं, गाळाने भरलं, तर ती पुढे सरकेल, पण तेव्हा रोग गाळाचा असतो, पानांचा नाही.

माळावरचा:
अगदी तसंच आहे ओ मॅडम! बांधाच्या अंगाला पाणी मोकळं आहे, पानं सगळी ओढ्याचं पाणी येतं त्या बाजूला. तिकडं गाळ लई आहे, पोरं उतरली तर मांडीपर्यंत जातात.

कुंडीतलीशेती:
मला एक विचारायचं होतं. मी जुळे सोलापूरला राहते, गच्चीवर टबात लिली आहेत. मागच्या वर्षी ऑनलाइन स्नोफ्लेक म्हणून एक रोप मागवलं, त्याला अशीच पांढरी फुलं येतात पण केस नाहीत, पाकळीच्या मधोमध उभी पातळ घडी आहे आणि कडा लाटांसारख्या. तीपण कुमुदिनीच का? आणि टब आता पूर्ण भरून गेलाय, पाणी दिसतच नाही.

पानफूल:
ती हिची बहीण, निम्फॉइडिस क्रिस्टाटा. पाकळीवरची ती उभी घडी हीच तिची खूण. तीसुद्धा मूळ आपल्या भागातलीच, पण शोभेची म्हणून अमेरिकेत गेली आणि फ्लोरिडात तळी-कालवे भरून टाकले, आज तिथे ती डोकेदुखी आहे. म्हणजे आपल्याकडची जलपर्णी आणि त्यांच्याकडची आपली कुमुदिनी, हिशोब बरोबर. तुमच्या टबातली जास्तीची पानं काढलीत तर उन्हात पूर्ण वाळवा नाहीतर कंपोस्टच्या ढिगात घाला. नाल्यात, तळ्यात टाकू नका. विकत आणलेलं, मासे ठेवायच्या काचेच्या टाकीतलं, कुठलंही पाणरोप बाहेर सोडायचं नाही, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

टिबुकली:
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की ओ माळावरचा.

माळावरचा:
सॉरी टिबुकली, घाईत राहून गेलं. आज मुद्दाम थांबलो. पाणकोंबड्या आहेत, बगळे आहेत. आणि एक पक्षी, तपकिरी-काळा, मान चकचकीत, पंख पितळेसारखे, भुवई पांढरी, पाय हे एवढे लांब आणि बोटं त्याहून लांब, पानावरून पानावर असा चालायलाय की पान जरासं दबतंय पण बुडत नाही. पानाची कड चोचीनं उलटून खालचं कायतरी वेचून खायलाय.

टिबुकली:
कांस्यपंखी कमळपक्षी! मला माहीतच होतं. गोगलगायी, किडे खातो पानाखालचे. आणि मंडळी, ह्यांच्यात अंडी उबवायचं, पिलं सांभाळायचं काम नराचं. मादी एकाच हंगामात दोन-तीन नरांशी घर थाटते, अंडी दिली की पुढच्याकडे. घरटं म्हणजे काय तर तरंगत्या पानांवर, काड्यांवर चार काटक्यांचा चौथरा. पान नाही तर घरटं नाही. लांबशेपटी कमळपक्षी पण बघा, पावसाळ्यात त्याला काळी लांब शेपटी आणि मानेला सोनेरी पट्टा येतो. सिद्धेश्वर तलावाकडे, हिप्परग्याला हिवाळ्यात आम्ही बदकं बघायला जातो पण कमळपक्ष्याला मोकळं पाणी नको, त्याला पानंच पाहिजेत. पोकलेन लावायच्या आधी निदान घरट्यांचा सीझन तरी जाऊ द्या, पावसाळाभर चालतं त्यांचं.

शेंगाचटणी:
नर पोरं सांभाळतो हे बायकोला वाचून दाखवू नका कुणी.

विजापूरवेशीतला:
पक्षी राहूदे हो, माणसं-जनावरांचं बोला. डासांचं काय? पानांखाली डास होतात की नाही? डेंग्यू झाला तर कमळपक्षी येणारे का सलाईन लावायला?

कुंडीतलीशेती:
डेंग्यूचा डास आपल्या घरात होतो दादा, तळ्यात नाही. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी, त्यामुळे घरोघरी बॅरल, टाक्या, हंडे भरून ठेवलेले. त्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात एडिस अंडी घालतो. माझ्या टबात पण सुरुवातीला अळ्या झाल्या होत्या, मग हिवताप विभागाकडून गप्पी मासे आणले, फुकट देतात, आठवड्यात एक अळी दिसेना.

पानफूल:
बरोबर. जलपर्णी आणि पाणकोबी यांच्या मुळांना चिकटून हवा घेणारा मॅन्सोनिया नावाचा एक डास आहे, त्याच्या अळीला श्वास घ्यायलासुद्धा वनस्पतीचं मूळ लागतं, हत्तीरोगाच्या एका प्रकाराशी त्याचा संबंध आहे, तो त्रास केरळकडे जास्त. म्हणजे लोंबत्या मुळांचं दाट जंगल डासांना फावतं. जिवंत तळं असेल, मासे, बेडूक, चतुराच्या अळ्या असतील तर कुमुदिनीच्या पानांखाली डासांना फार थारा मिळत नाही. फक्त गप्पी मासे टबापुरतेच ठेवा ताई, ते बाहेरचे आहेत, गावतळ्यात सोडले तर आपल्या बारक्या माशांच्या पोटावर येतात.

आबा_पेन्शनर:
मासे तर पानांच्या सावलीतच असतात. उन्हाळ्यात इथं पारा चव्वेचाळीसला टेकतो, उथळ पाणी हात घातला तर कोमट लागतं. सावली नको का त्यांना? आम्ही गळ टाकायचो तो पानांच्या कडेलाच.

पानफूल:
आबा, एकदम मुद्द्याचं. सावलीने पाणी थंड राहतं, हिरवं शेवाळ कमी होतं. पण अख्खं तळं झाकलं तर वाईटच, पाण्यात हवा मिसळायची थांबते, खालची पानं कुजायला लागतात, मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. बागेतल्या तळ्यासाठी अर्धं ते दोन तृतीयांश पाणी झाकलेलं चालतं असा ढोबळ हिशोब सांगतात. गावतळ्यात मी अर्ध्याच्या आत ठेवा म्हणेन.

आणि एक नवल सांगते, विषय निघालाच आहे तर. तळातल्या चिखलात हवा नसते. मग तिथली मुळं जगतात कशी? या वनस्पतींच्या खोडात पानापासून मुळापर्यंत पोकळ नळ्या असतात. थंड देशात तळ्यात एक पिवळी लिली असते, नुफार, तिच्यावर १९८०च्या सुमारास अभ्यास झाला तेव्हा दिसलं की उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांत दाब वाढतो, हवा खाली गड्ड्यापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या पानांमधून बाहेर पडते. पंप नाही, मोटर नाही, लाईट बिल नाही. कमळातही असा वारा वाहतो. शिवाय यांच्या पानांची श्वासाची छिद्रं वरच्या अंगाला असतात, जमिनीवरच्या बऱ्याच झाडांची असतात खालच्या अंगाला. खालून पाणी, मग छिद्र ठेवणार कुठे?

लातूरची:
मध्येच विचारते, शिंगाड्याचं पान पण पाण्यावरच असतं ना? आमच्या मावशीकडे भंडाऱ्याला तळ्यात लावतात.

पानफूल:
हो, पण ते ओळखायला सोपं. शिंगाड्याची पानं चौकटच्या आकाराची, कडेला दात, आणि एका मध्यातून गोल चक्र करून मांडलेली. देठ मध्ये फुगलेले. विदर्भात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या लावतो. उपासाचं पीठ त्याचंच.

माळावरचा:
मंडळी एक अडचण झालीय. आज सरपंचांना हे सगळं मोबाईलवर दाखवलं. जलपर्णी नाही हे त्यांना पटलं. पण आता ते म्हणायलेत की तसंही उन्हाळ्यात गाळ काढायचाय, शेतकऱ्यांना शेतात टाकायला पाहिजे, ते गाळमुक्त धरण योजनेतनं बसवता येईल, तवा हे सगळं जाणारच, मग आत्ता काढलं काय आणि मे महिन्यात काढलं काय. यावर काय बोलायचं ते सुचंना.

विजापूरवेशीतला:
सरपंचाचं बरोबर आहे. पाझर तलाव पाणी मुरवायला केलाय, फुलं बघायला नाही. गाळ बसला की मुरणं बंद. माझ्या विहिरीचं पाणी त्याच्यावर असतं तर मीपण हेच म्हटलो असतो. गाळ काढाच.

पानफूल:
यावेळी वेशीवाल्यांशी मी पूर्ण सहमत. गाळ काढायलाच हवा. पण आत्ता आणि मे महिन्यात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आत्ता पाणी भरलेलं असताना पोकलेन काठावरून हात टाकून ओरबाडणार, पानं तुटणार, प्रत्येक पानाखाली ती गाठ आहे आणि गाठीला मुळं फुटलेलीच आहेत, माळावरच्यांनी बघितली. प्रत्येक तुटलेलं पान वाऱ्याने दुसऱ्या काठाला लागलं की तिथे नवं रोप. म्हणजे पैसे देऊन लागवड केल्यासारखं. शिवाय मशीन बांधावर चढवलं तर दगडी पिचिंग हलतं. मे महिन्यात तळ उघडा पडल्यावर गाळ काढा, पण ओढ्याच्या तोंडाची एक पट्टी सोडा. कुमुदिनी, कमळपक्षी, बेडूक सगळे पुढच्या पावसात त्या पट्टीतून परत पसरतील आणि ओढ्यातून येणारी माती तिथेच अडकेल ती वेगळीच. बाकी तळ खरवडून घ्या.

आबा_पेन्शनर:
आणि गाळ काढताना काळी माती तेवढीच काढायला सांगा. खाली मुरूम लागला की थांबायचं. मुरूम उकरत बसले तर खड्डे पडतात, पुढं जनावर, पोर बुडायची भीती. हे लिहून द्यायला लावा, तोंडी नको. मशीनवाला तासावर पैसे घेतो, तो थांबत नसतो.

टिबुकली:
आत्ता काही करायचंच असेल तर जनावरं उतरतात तिथला घाट आणि सांडव्याचं तोंड हातानं मोकळं करा. दहा-बारा पोरं, एक दोरखंड, दोन विळे. सांडव्याला अडकलेलं मात्र काढाच, जोराचा पाऊस आला तर पाणी तुंबून बांधावर येईल.

शेंगाचटणी:
पोरं गोळा करायची असतील तर शेवटी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, पोकलेनपेक्षा स्वस्तात काम होतं. ही जाहिरात समजू नये.

कुंडीतलीशेती:
माळावरचा दादा, घाट मोकळा करताना निघालेली चार पानं मला मिळतील का? केसवाली हवी आहे, माझ्याकडची बिनकेसाची. आणि मॅडम, हिला टबात कसं लावायचं तेपण सांगा, लिलीसारखंच का?

पानफूल:
लिलीपेक्षा सोपं. पान गाठीसकट घ्या, गाठीला मुळं फुटलेली असतील तर उत्तम. टब रुंद हवा, दीड-दोन फूट, खोली फूटभर पुरे. तळाला चार-पाच बोटं आपली काळी माती, कोकोपीट अजिबात नको, ते सगळं वर तरंगतं. मातीत अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं तर पाणी काळं होऊन वास सुटतो, तेव्हा ते टाळा. वर बारीक वाळूचा थर. गाठ मातीत हलकेच दाबा, पान पाण्यावर राहू द्या. पहिल्या आठवड्यात पाणी पानाखाली चार बोटंच ठेवा, मग वाढवत जा. ऊन निदान पाच-सहा तास. खत द्यायचं तर चिमूटभर डीएपी कागदात गुंडाळून मातीत खोल खुपसा, पाण्यात मोकळं टाकलंत तर दोन दिवसांत हिरवं सूप.

कुंडीतलीशेती:
बोअरचं पाणी चालेल का? आमच्याकडे पानांवर पांढरा थर बसतो.

पानफूल:
चालतं, पण क्षाराने पानं राखाडी दिसतात. पावसाचं साठवून वापरलंत तर बरं. काळा मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पान धुवा, मावा पाण्यात पडला की गप्पी खातात. औषध मारू नका, मासे मरतात.

एक शक्यता मात्र ध्यानात ठेवा. या कुमुदिनीत दोन प्रकारची फुलं असतात, एकात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, दुसऱ्यात उलटं. दोन्ही प्रकारची रोपं जवळ असली तरच बी चांगलं धरतं. एकाच रोपाची पानं नेलीत तर बी जवळजवळ धरणार नाही, पानातूनच वाढेल. टबासाठी ते सोयीचंच.

माळावरचा:
बैठक झाली. दोन तास वाद, चहा तीन वेळा. ठरलं असं की आत्ता फक्त घाट आणि सांडवा हातानं साफ करायचा, पुढच्या रविवारी, पोरांची यादी झाली. मे महिन्यात गाळ काढायचा, ओढ्याकडची पट्टी सोडायची, मुरूम लागला की मशीन थांबवायचं, आबांनी सांगितलं तसं कागदावर घेतलंय. एक जण अजून पण जलपर्णीच म्हणायलाय, त्याला म्हटलं तू ये, तुला गाठ दाखवतो.

कुंडीतलीशेती ताई, पानं पाठवतो पण कशात? प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तर उन्हात शिजतील.

कुंडीतलीशेती:
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घाला, पाणी भरू नका. एसटीने कुणी येत असेल तर सात रस्त्याला येऊन घेते.

विजापूरवेशीतला:
रविवारी मीपण येतो. त्या पक्ष्याला बघायचंय. आणि भाकरी ठेवणारे का नाही ते नक्की सांगा.